बोट लागली

आगाशी,
१० जानेवारी २०२५

प्रिय रोझा,

चिठ्ठी बघून हसशील. हस. तुला फोन करायचा म्हणजे आधी तुझी प्रिसिला सापडायला हवी, मग ती "मम्मी, जयूमावशी" म्हणून हाका मारणार, मग तू फोन तोंडापुढे धरून एवढ्या मोठ्याने बोलणार की माझ्या घरातली गोष्ट पाचूबंदरभर होणार. त्यापेक्षा शाळेत बाकाखालून पाटी सरकवायचो तसं हे बरं. हे उद्या वसईच्या बाजारात येतायत, त्यांच्याच हाती देते.

येत्या सोमवारी आम्ही दोघं मोठ्या बोटीच्या सहलीला निघतोय. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप, आणि शुक्रवारी परत. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आणि जावयाने गेल्या मे महिन्यातच तिकिटं काढून ठेवली होती. तेव्हा आपल्याला बाळ होणार हे कृतिकाला कुठे ठाऊक होतं? आता तिला आठवा लागलाय. मी म्हटलं, बायो, ह्या दिवसांत आईने उंबरा ओलांडू नये. तर बोटवाले म्हणे तारीख बदलून देत नाहीत. आणि कृतिका उलट मलाच दटावते, "आई, आत्ता नाही गेलीस तर बाळ आल्यावर तू माझ्या आचोळ्याच्या घरापलीकडे पाऊल टाकणार नाहीस." दिवस भरायला वेळ आहे, डॉक्टरीणबाईंनीही खुशाल जा म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांचं तर काय विचारतेस. बोटीसाठी घेतलेली टोपी घालून ते आत्तापासून वाडीत केळींना पाणी देतायत.

मी मात्र जरा भ्यालेच आहे. जाऊन आलेले सगळे सांगतात, रांगाच रांगा, खोली एवढीशी, जेवायला घड्याळ लावून बसायचं. म्हणून मी आमच्या सासूबाईंचा मंत्र बरोबर घेतलाय. राजेळी केळ्यांचा घड एकदम पिकला आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर त्या कपाळाला हात लावून बसत नसत. म्हणायच्या, "रडून केळं हिरवं होत नाही, जयवंती. सोल आणि उन्हात घाल." उन्हात घातलेल्या केळ्यांची सुकेळी होतात आणि घड गेला तरी गोडी राहते. तर मी ठरवलंय, बोटीवर जी अडचण येईल तिची सुकेळी करायची. खरी सुकेळीही घेतलीत, पानात बांधून.

तुझ्याकडे दोन कामं. अधूनमधून आचोळ्याला जाऊन कृतिकाला बघून ये. माझ्याशी वाद घालते, तुझं ऐकते. आणि बोटीत पोट ढवळू नये म्हणून तुमच्याकडे काय करतात ते कळव.

तुझ्या जेसनला विचारलंस तर तोही दोन युक्त्या सांगेल. बोटीवरच असतो ना तो. बघ बाई, मी फक्त म्हटलं.

तुझी,
जयू

—

पाचूबंदर,
११ जानेवारी

जयू,

देव बरं करो. विद्याधरभावोजींनी चिठ्ठी पोचवली, टोपीसकट. बाजारातल्या बायका त्यांना पाहुणा समजून पापलेटचा चढा भाव सांगत होत्या. मी ओरडले, "अगो, आगाशीचा जावई आहे आपला," तेव्हा कुठे खाली आल्या.

पोट रिकामं ठेवू नकोस. सुंठीचा तुकडा गालात धर. आडवी पडू नकोस. आकाश आणि पानी जिथे भेटतात त्या रेघेवर नजर ठेव, बोट कितीही हलली तरी ती रेघ हलत नाही. बघ, पुन्हा पानी लिहिलं. बाईंनी माझ्याकडून "पाणी, पाणी" म्हणून पाटी भरून घेतली होती, पण आमचं पानी काही सुधारलं नाही.

कृतिकाची काळजी सोड. सोमवारपासून मी दर दिवशी जाईन. जाताना बोंबलाची चटणी नेते, तिला डोहाळे त्याचेच लागलेत, तुझ्या सोवळ्या घरात कोण देणार.

तू एक कर. आमच्या बंदरात दर्यावरून होडी आली की किनाऱ्यावरच्या बायका ओरडतात, "बोट लागली!" ती हाक ऐकली की घराघरांतला जीव भांड्यात पडतो. मीही तीस वर्षं माझ्या फर्डिनंडसाठी ती हाक ऐकली आणि दिली. तेव्हा तुमची बोट गोव्याला लागली की मला तेवढेच दोन शब्द पाठव. जास्त लिहू नकोस, प्रिसिला सगळं वाचून दाखवते आणि मधे स्वतःचं घालते.

आता जेसन. तू म्हटलंस म्हणून लिहिते, नाहीतर ह्या घरात मी त्याचं नाव घेत नाही. गेल्याच्या गेल्या पावसात त्याचा बाप गेला. सगळं पाचूबंदर मातीला आलं, आगाशीहून तुम्ही आलात, पोटचा मुलगा आला नाही. अमेरिकेकडे कुठल्या बेटांत त्याची बोट होती. फोनवर मी म्हटलं, उतर आणि ये. तर मला म्हणतो, "मम्मी, बोट म्हणजे रिक्षा नाही, हात दाखवला की थांबायला." बापाला मातीत ठेवायच्या दिवशी मुलाचे हे शब्द. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्याचा फोन येतो. प्रिसिला बोलते, मी भांडी घासते.

त्याचा करार ह्या महिन्याच्या अखेरीला संपतो. प्रिसिलाला म्हणाला, मम्मी बोलणार असेल तर घरी येतो, नाहीतर इथेच पुढच्या करारावर सही करतो. पुढचा करार म्हणजे आणखी वर्ष जाईल. मी म्हटलं, त्याची मर्जी.

तेव्हा युक्त्या विचारायच्या तर तूच विचार. मी सुंठ सांगितली, ती पुरे.

रोझा

—

बोटीवरून,
१४ जानेवारी, संक्रांत

प्रिय रोझा,

हे बोटीवरच्या कागदावर लिहिते आहे. ह्यांनी फोटो काढून ठेवायचं कबूल केलंय, बेट जवळ आलं आणि फोनला रेंज मिळाली की प्रिसिलाला पाठवतील.

काल दुपारी मुंबईच्या बंदरावर पोचलो आणि रांगेत उभे राहिलो. ती रांग संपली तेव्हा कळलं की ती दुसऱ्या रांगेत उभं राहायची रांग होती. माझी उजवी चप्पल तुटली. ह्यांनी टोपीची दोरी काढून ती बांधून दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माणूस माझ्या पायाशी वाकला, तेही चारशे लोकांसमोर. झाली की नाही सुकेळी?

खऱ्या सुकेळ्यांचा वेगळाच तमाशा. तपासणीच्या यंत्रात ती लांबट पुडकी दिसली आणि तिथला माणूस एकदम सावध झाला. पान सोडायला लावलं, वास घेतला, साहेबाला बोलावलं. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणे. मी म्हटलं, दादा, हे खाणं नव्हे, प्रसाद आहे. देवाची क्षमा मागते, पण साहेबाने हात जोडले आणि सोडलं.

खोलीला खिडकी नाही. दार लावलं की सकाळ, दुपार, रात्र सारखीच. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता, इतका सुरेख की तो मोडवेना, मी पदरालाच हात पुसले. संडासाचा खटका दाबला की असा आवाज होतो, जणू कुणी पाताळातून ओढून घेतंय, हे दर वेळी बाहेरून विचारतात, "आहेस ना गं?" जेवायला आमची पाळी पहिली, म्हणजे उन्हं असतानाच. तिथे एका ताटात आठ प्रकार आणि वरणभाताला पुन्हा रांग. सगळ्यांना केशरी जाकिटं घालून संकटात काय करायचं तेही शिकवलं. आमचे हे ते जाकीट काढायलाच तयार नव्हते.

रात्री वारा सुटला. तुझी सुंठ गालात होती, रेघ बघायला मात्र खिडकी नव्हती. सकाळपर्यंत माझी जी दशा झाली ती लिहीत नाही. ह्यांनी एका दिवसापुरतं बोटीचं नेट विकत घेतलं होतं. मी मोरीतूनच म्हटलं, रोझाला कळवा, तिची सुंठ हरली. विचारतात, किती लिहू? मी म्हटलं, बोलायचंही त्राण नाही, दोन शब्द लिहा, "बोट लागली." तेवढं गेलं आणि नेटही गेलं.

दहाच्या सुमाराला कप्तानाने सांगितलं, वाऱ्यामुळे गोव्याच्या बंदरात शिरता येत नाही, गोवा रद्द, बोट थेट लक्षद्वीपला. झालं. खाली कचेरीपुढे ही झुंबड उडाली. कुणी पैसे परत मागतंय, कुणाचे नातेवाईक गोव्यात ताटकळतायत, एका गृहस्थांनी तर गोव्यासाठी शिवलेला फुलाफुलांचा सदरा काढून टेबलावर आपटला. टेबलापलीकडे फेलिशिया नावाची बाई होती, चाळिशीची असेल. वाऱ्याला जशी काही तीच जबाबदार. हसून सगळ्यांना उत्तरं देत होती.

मी उठले. संक्रांतीचा दिवस आणि लोक एकमेकांना असं बोलतायत ते बघवेना. सुकेळ्यांचं पुडकं सोडलं, तुकडे केले, आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवत गेले. "तिळगूळ नाही हो, सुकेळी घ्या आणि गोड बोला." सदऱ्याचे गृहस्थ आधी रागाने बघत राहिले, मग खाल्लं, मग विचारलं, "कुठली?" म्हटलं, आगाशीची. म्हणाले, माझी आजी भुईगावची. मग काय, तासभर भुईगावच. फेलिशियालाही दिलं. तिने तोंडात टाकलं नाही, रुमालात बांधून ठेवलं.

कृतिकाकडे गेली होतीस ना? तिला सांग, आई मजेत आहे. ओकारीचं सांगू नकोस.

तुझी,
जयू

—

आचोळे,
१५ जानेवारी

जयू,

तुझ्या पत्राचे फोटो प्रिसिलाने आत्ता आणून दाखवले. पुन्हा पुन्हा वाचले.

इकडे सगळं ठीक. कृतिका ठीक. जेवते. मी दोन-चार दिवस आचोळ्यालाच राहिले आहे, कारण आमच्या घरी रंगकाम काढलंय, वासाने माझं डोकं दुखतं. म्हणून इथे. दुसरं काही नाही.

खोलीला खिडकी नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पेटीतही जीव चांगला राहतो. ऊब मिळते, वारा लागत नाही, हातपाय हलवत मजेत झोपतो. काळजीचं काही नसतं.

तू बेट बघ. भावोजींना टोपी घालू दे. घाई करू नकोस, घाई करून उपयोगही नाही.

कृतिका ठीक आहे.

रोझा

—

बोटीवरून,
१६ जानेवारी

रोझा,

तुला खोटं लिहिता येत नाही. शाळेतही येत नव्हतं.

तुमच्याकडे रंगकाम नाताळाआधी होतं. दर वर्षी डिसेंबरात मी तुझ्या दारात रंगाच्या डब्यांना अडखळते. जानेवारीत कुठला पाचूबंदरकर भिंती रंगवतो? एवढ्याशा चिठ्ठीत "कृतिका ठीक" दोनदा लिहिलंस. आणि पेटीत हातपाय हलवत कोण झोपतं, रोझा?

काल बेटाजवळ रेंज आली तेव्हा तिला फोन लावला. जावयाने, निमिषने, उचलला, म्हणाला झोपलीय. पुन्हा लावला, अंघोळीला गेलीय. तिसऱ्यांदा लावायला गेले तर रेंजच गेली. ह्यांच्या फोनवर निमिषने काहीतरी लिहून पुसून टाकल्याची खूण दिसते आहे, मंगळवारची. हे म्हणतात, चुकून झालं असेल. पण टोपी काढून ठेवलीय त्यांनी.

मी खाली फेलिशियाकडे गेले. म्हटलं, बाई, मला घरी जायचंय, काही करता येईल का? परत फिरवू नका, पण एखादी छोटी होडी, काहीही. तिने टेबलापलीकडून उठून येऊन मला खुर्चीवर बसवलं. समजावून सांगितलं, बोटीवरचाच कुणी अत्यवस्थ झाला तर वेगळं. घरच्या कारणासाठी बोट वळत नाही, थांबत नाही, वेगही वाढवत नाही. मी विचारलं, तुमच्या घरी काही झालं तर? तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "काकू, ह्या बोटीवर काम करणारा प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या वेळेला घरी नव्हता."

एवढंच म्हणाली. पाठीमागे पुन्हा रांग लागली होती, ती जाऊन उभी राहिली, हसून.

मी वर डेकवर येऊन बसले. तू सांगितलेली रेघ बघितली. तिच्या मागे वसई आहे, आचोळे आहे, आणि मी चालत सुटले तर आहे तिथेच राहीन. सासूबाईंचा मंत्रही घोकला. पण खरं सांगते, ह्या केळ्याची सुकेळी होईना. हे बाजूला येऊन बसले. मग म्हणाले, "आता तरी ती घराकडेच चाललीय गं. आपण बसून राहिलो तरी जातोच आहोत." चाळीस वर्षं ह्या माणसाला मी भोळा म्हणत आले. काल त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

पुन्हा नेट घेतलंय. हे तुझ्याकडे लगेच येईल. काय असेल ते लिही. वाईट असलं तरी लिही. मी बसलेलीच आहे.

जयू

—

नालासोपारा, हॉस्पिटलातून,
१६ जानेवारी

जयू,

आधी हे वाच. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आता पानी पी आणि पुढचं वाच.

मंगळवारी दुपारी मी चटणी घेऊन गेले तर कृतिका दाराची चौकट धरून उभी. पाणमोट फुटली होती. निमिषचा चेहरा पांढरा. मी रिक्षा आणवली, हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, बाळ आडवं आहे, सिझर करावं लागेल. निमिष तुम्हा दोघांना फोन लावतोय, लागत नाही. निरोप लिहिला, तोही पोचला नाही. आणि कृतिका माझं मनगट धरून एकच विचारते, "मावशी, आई कुठे आहे? आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही." डॉक्टर घाई करतायत. ही पाय रोवून बसलेली, तुझीच लेक.

आणि माझ्याकडे तुझे दोन शब्द होते. सकाळीच प्रिसिलाने वाचून दाखवले होते. माझा जीव भांड्यात पडला होता, जयू गोव्याला उतरली. मला वाटलं, निरोप मिळाला असणार, मिळेल ती गाडी धरून निघालीच असणार. मी तिला म्हटलं, "बोट लागली बायो, सकाळीच लागली. आई येतेच आहे."

तिने माझं मनगट सोडलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. मी वाचत वाचत तुझ्या मोरीतल्या निरोपापर्यंत आले आणि मला घाम फुटला. मी समजत होते तू गोव्यात, आणि तू बाई मधल्या दर्यात ओकत होतीस. आमच्याकडे बोट लागते किनाऱ्याला. तुमच्याकडे बोट लागते पोटाला. तोच शब्द. मी तीस वर्षं किनाऱ्यावर उभी राहिलेली बाई, मला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

मग निमिष, प्रिसिला आणि मी ठरवलं, तू येईपर्यंत सांगायचं नाही. पाण्यात असलेल्या माणसाला सांगून काय, ते झुरत बसणार. म्हणून निमिषने तो निरोप पुसला, आणि म्हणून ते रंगकाम. बाळ लवकर आलं म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय. मुठीएवढी आहे, पण आवाज माझ्यासारखा. आज चमच्याने दूध प्यायली. डॉक्टर म्हणाले, वजन वाढलं की पेटीतून काढू. कृतिकाला मी आई वाटेत आहे म्हणत राहिले, आज खरं काय ते सांगितलं, तर एवढी हसली, म्हणे, "मावशी, नको हसवू, टाके दुखतात." मग रडली. मग पुन्हा हसली.

आता एक माझं.

सकाळी एक नवीन नर्स आली. मला विचारते, तुम्ही पेशंटच्या कोण? म्हटलं, मावशी. म्हणते, आणि आई? पहिलं बाळंतपण आणि आई आली नाही? कसली आई. मी तिच्यावर अशी खेकसले की वॉर्डातली पोरं उठली. म्हटलं, "आई बोटीवर आहे. बोट काय रिक्षा आहे, हात दाखवला की थांबायला?"

शब्द तोंडातून गेले आणि मी तिथेच थांबले, जयू. नर्स गेली तरी मी उभी.

तू आली नाहीस म्हणून इतक्या दिवसांत एकदाही माझ्या मनात राग आला नाही. तुझ्या जागी बसले, तुझ्या लेकीची वेणी घातली, आणि सारखं वाटत होतं, ती तिकडे कशी असेल, तिला कोण धरून असेल. त्याच्या वेळी हे मला का नाही वाटलं? तो तिकडे कसा असेल, हे मी कुणालाच विचारलं नाही.

फेलिशियाचं वाक्य प्रिसिलाने वाचून दाखवलं. ह्या वेळी मधे स्वतःचं काही घातलं नाही.

उद्या नीट ये. धावू नकोस, चप्पल बांधलेली आहे.

रोझा

—

नालासोपारा,
१८ जानेवारी

प्रिय रोझा,

काल आम्ही बॅगा घेऊन तसेच हॉस्पिटलात आलो, तर तू पाच मिनिटांपूर्वीच गेलेलीस. कृतिका म्हणाली, "मावशी म्हणाली, आता तुमची तुम्ही रडा, मला जाळ्यातून मासळी सोडवायचीय." डब्यात पेज, उशाशी घडी केलेलं तुझं लुगडं, आणि पेटीला टेकवून ठेवलेली तुमच्या सायबिणीची, मेरीमातेची छोटी तसबीर. ती तशीच राहू दे म्हणून मी नर्सला सांगितलंय.

मला बघून कृतिका काय म्हणाली सांगू? "लागली का गं बोट?" मी म्हटलं, आता लागली.

नातीला काचेतून पाहिलं. हातपाय हलवत होती, तू लिहिलंस तशीच. ह्यांनी पेटीपुढे टोपी काढून तिला नमस्कार केला. नाव त्यांनीच सुचवलं, दिशा. म्हणतात, बोटीवर सगळं असतं गं, पण आपल्याला हवी ती दिशा नसते. आम्ही ती घरी येऊन बघितली.

रांगा, खोली, गोवा, सगळ्यांची मी आता मजेने गोष्ट करून सांगते, लोक हसतात. मंगळवारच्या त्या एका दुपारची अजून सांगता येत नाही. ती वाळायला वेळ लागेल. पण ऊन कुठून आलं ते मला ठाऊक आहे. ज्या जागेवर मी नव्हते, त्या जागी तू होतीस.

फर्डिनंडच्या मातीच्या दिवशी जेसनच्या जागी कोण होतं, हे त्याला कधी कुणी सांगितलं का? माझे हे खांदा द्यायला पुढे झाले होते, तुला आठवत नसेल, तू शुद्धीत नव्हतीस. त्याला हे कळलं तर बरं वाटेल असं मला वाटतं.

उद्या रविवार आहे. मी फक्त म्हटलं.

तुझी,
जयू

—

पाचूबंदर,
२० जानेवारी

जयू,

तोंडाने सांगायला गेले तर आळीभर होईल, म्हणून लिहिते.

काल मिस्सा झाली. घरी आले, भांडी घासायला घेतली. फोन वाजला. प्रिसिला उठली. मी राखेचे हात तसेच पुढे केले आणि म्हटलं, आण इकडे.

कानाला लावला. तिकडून तो म्हणाला, "हां प्रिसी." इतक्या महिन्यांचं काय काय साठवलेलं, ते सगळं बाजूला ठेवलं. मग तुझीच आठवण झाली आणि मी विचारलं, "जेसन, तुला बोट लागते का रे?"

जयू, तो बारक्या आवाजात म्हणाला, "पहिलं वर्ष रोज लागायची, मम्मी. अजून वारा असला की लागते. कोळ्याच्या पोराला बोट लागते, हे कुणाला सांगणार? डॅडी हसले असते."

मी म्हटलं, "हसले नसते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीला त्यांनाही लागायची. होडीच्या मागच्या बाजूला जाऊन ओकायचे, आणि घरी येऊन मला सांगायचे की लाट अंगावर आली. मला एकटीला ठाऊक होतं."

तो हसला. मग रडला. मी रडले नाही, हात राखेचे होते, डोळे पुसता आले नसते.

मग त्याला विद्याधरभावोजींच्या खांद्याचं सांगितलं. म्हणाला, मी त्यांना भेटेन. म्हणाला, त्या दिवशी तो बोटीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होता, साहेबाने सुट्टी दिली होती तरी. कांद्याजवळ कुणी विचारत नाही, म्हणून.

कराराचा कागद त्याच्यापुढे आहे, सही केलेली नाही. मी म्हटलं, नको करू. आधी ये. बापाला भेट, माझ्या हातचं जेव, जयूच्या नातीला बघ. मग परत जायचं तर जा, बोटीला माझं काही म्हणणं नाही. त्याने तारीख कळवतो म्हणून सांगितलं. फेब्रुवारीतच येणार, नक्की. तोवर दिशा पेटीतून बाहेर आलेली असेल, मी तुझ्या वाडीतली राजेळी न्यायला येईन. त्याच्यासाठी सुकेळी घालायचीत, परत जाताना पानात बांधून देईन. यंत्रवाल्याला काय सांगायचं ते तू त्याला शिकव.

तो विमानाने येईल, विमानतळावरून गाडीने, बाजारापासून रिक्षाने. रिक्षा आमच्या दारात हात न दाखवता थांबेल. तरी सांगून ठेवते, त्या दिवशी मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहणार आहे, लोक हसले तरी, आणि ओरडणार आहे. आगाशीपर्यंत ऐकू येईल. फोनची वाट बघू नकोस. दोनच शब्द असतील, आणि त्यांचा अर्थ ह्या वेळी तुझा-माझा एकच.

रोझा